वर आल्याची हजेरी

ऐन-जद्राच्या मैदानावर मॅच संपली म्हणून कुणी उठत नसे. संघ जिंको, हरो, रेफरीला शिव्या घालून घालून घसा बसलेला असो, लोक जागेवर बसून राहत. मग गॅलरीच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या खोलीतून अम्म लजहरचा आवाज भोंग्यांवर येई. शबाबच्या अकरा खेळाडूंची नावं तो एकेक करून घेई, बापाच्या नावासकट, आणि प्रत्येक नावाला सगळी गॅलरी एका दमात ओरडे, "हाजिर!" अकरावं नाव झालं की लोक कपडे झटकून घरी जायला मोकळे. राजधानीतून येणारे पाहुणे संघ या प्रकाराला हसत. हसू देत. त्यांच्या गावात कुणी जमिनीखाली गेलेलं नव्हतं.

आमच्याकडे सगळेच गेले होते. फॉस्फेटची खाण हेच आमचं गाव, आणि शबाब हा खाणवाल्यांचा क्लब. लजहर बिन युनुस तीस वर्षं दिव्यांच्या खोलीच्या दारात बसला. सकाळी माणसं आपापला दिवा खुंटीवरून काढून खाली जात, संध्याकाळी दिवा परत टांगत, आणि लजहर नाव घेई. माणूस स्वतः "हाजिर" म्हणाला की तो वर आला. उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा हाक. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या हाकेलाही उत्तर नसेल तर ती खुंटी रिकामी ठेवून लोक फावडी घेऊन धावत. म्हणून गावात लहानमोठे सगळे त्याला अम्म म्हणत, काका म्हणत, आणि त्याने सांगितलेली गोष्ट पुन्हा कुणाला विचारत नसत.

सव्वीस वर्षांपूर्वी तिसरं भुयार खचलं तेव्हा सात खुंट्या रिकाम्या राहिल्या. त्या गोंधळात फाटकावरच्या एका कारकुनाने बायकांना ओरडून सांगितलं, "युसुफ सापडला! जिवंत आहे!" युसुफची बायको जीना अनवाणी धावत आली. बायकांनी आनंदाने जिभा वाजवल्या, कुणी तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. लजहरने तोंड पाहिलेलं नव्हतं, म्हणून तो मान्य करायला तयार नव्हता. स्ट्रेचरपाशी गेला, कापड उचललं, तर तो भलताच कुणीतरी. तसाच वळला आणि भर गर्दीत जीनाला म्हणाला, "बहिणी, तो युसुफ नाही." लोक त्याच्यावर चिडले. बाईला जरा टेकू द्यायचं होतंस, घोटभर पाणी पिऊ द्यायचं होतंस, म्हणाले. लजहर म्हणाला, "खोटी बातमी जितका वेळ पोटात राहील तितकी जास्त चावेल."

पुढच्या रविवारी मॅच होती. खेळणारे सगळे त्याच पाळीतले. मॅचनंतर कुणीतरी लजहरच्या हातात माइक दिला आणि तो दुसरं काही सुचेना म्हणून हजेरी घ्यायला लागला. पोरांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा त्यांच्या वतीने गॅलरी बोलली. ती प्रथा तेव्हापासूनची. लजहर निवृत्त झाला, दिव्यांची खोली कुलूपबंद झाली, हजेरी मात्र चालू राहिली.

युसुफ आणि जीनाचा मुलगा मुंदिर आता एकतीस वर्षांचा होता आणि शबाबचा कप्तान होता.

त्या वर्षीचा मोसम काय सांगावा! पहिला प्रशिक्षक पाच गोल खाल्ल्यावर घसा दुखतो म्हणून गेला तो आलाच नाही. दुसऱ्याने खाणीच्या राडारोड्याच्या टेकडीवर भर दुपारी संघाला पळवलं आणि तिघांना दवाखाना दाखवला. लमजद, आमचा एकुलता एक गोल करणारा माणूस, जानेवारीत राजधानीच्या एका क्लबात गेला, जाताना क्लबचे सगळ्यात चांगले बूटही घेऊन गेला. सलग आठ मॅच आम्ही एकही गोल केला नाही. संघाची बस प्रत्येक चढावर बसकण मारी, आणि बिचारे आपलीच बस ढकलत ढकलत मार खायला जात. गोलकीपर बूबकरचं बोट मोडलं तर तो प्लास्टरवर हातमोजा चढवून उभा राहिला. त्याच हिवाळ्यात खाणीची दोन भुयारं बंद झाली. गॅलरीतल्या अर्ध्या पुरुषांना आठवडाभर दाढी करण्याचं कारण उरलं नाही, ते फक्त रविवारी करत. रविवारी रेडिओवर गावाचं नाव तरी यायचं. "ऐन-जद्राहून आता आमचे प्रतिनिधी," असं निवेदक म्हणाला की बायकासुद्धा स्वयंपाकघरातून कान द्यायच्या. दुसऱ्या श्रेणीच्या मॅचेस रेडिओ सांगत नाही. तिथे गेलो की आमचं नाव घेणारं बाहेर कुणी राहणार नव्हतं.

मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी हिशोब अगदी सोपा होता. खाली जायला दोनच संघ उरले होते, आम्ही किंवा किनाऱ्यावरचं बिर मरवान. दोघांच्या मॅच एकाच वेळी, तीन वाजता, आपापल्या मैदानावर. बिर मरवान जिंकलं नाही तर आम्हाला बरोबरी पुरे. ते जिंकलं तर आम्हाला जिंकायलाच हवं.

निघताना बायको मब्रूकाने लजहरच्या खिशात रेडिओच्या नव्या बॅटऱ्या कोंबल्या. "गोळी घेतलीस का रक्तदाबाची?"

"घेतली."

"खोटं बोलू नकोस. डबी इथेच आहे."

"मग विचारतेस कशाला?" असं म्हणत त्याने गोळी कोरडीच गिळली आणि लाल लोकरी टोपी, आपली शेशिया, डोक्यावर नीट बसवली.

पत्र्याच्या खोलीत हमादी आधीच भोंग्यांच्या तारा चिमटीत धरून बसला होता. खाणीचा जुना वायरमन, जन्मभराचा मित्र, आणि तोंडाचा फटकळ. "ये, बाबा. आज हा अ‍ॅम्प्लिफायर जळला तर समज अल्लाहलाही आपली मॅच बघवत नाही."

"तू तार नीट धर. अल्लाहचं तो बघेल."

"आज माझा जावईसुद्धा आलाय. लग्नात आला नव्हता वेळेवर, इथे एक वाजल्यापासून बसलाय."

मॅच सुरू झाली आणि विसाव्या मिनिटाला राजधानीच्या संघाने आमच्यावर गोल चढवला. रेडिओ लजहरच्या कानाशी होता. थोड्याच वेळात त्यावर बिर मरवानचा गोल झाला. त्याने दोन्ही गोष्टी होत्या तशा भोंग्यावर सांगितल्या. गॅलरीत कुणी सूर्यफुलाच्या बिया सोलायचं थांबलं, कुणी उगाच जोरात सोलायला लागलं.

हाफ टाईमनंतर मात्र शबाब वेगळ्याच अंगाने खेळायला लागलं. वर्षभर कुठे होते हे पाय, असं वाटावं असं. त्रेसष्टाव्या मिनिटाला कॉर्नरवर मुंदिर दोघांच्या खांद्यांमधून वर उठला आणि डोक्याने चेंडू जाळीत. एक-एक. आता आणखी एक हवा होता. तो येणारच होता, हे लजहरला पायऱ्यांवरून वर येणाऱ्या थरथरीवरून कळत होतं. चेंडू गोलच्या आडव्या दांडीला लागून परत आला. मग एक फटका त्यांच्या गोलकीपरने पायाने अडवला. राजधानीवाले धापा टाकत होते, चेंडू मिळेल तिकडे लाथाडत होते. अजून बारा मिनिटं बाकी होती.

आणि रेडिओवर बिर मरवानच्या मैदानावरचा माणूस किंचाळला, "गोल! गोल! बिर मरवानच्या जाळीत! बरोबरी!"

लजहरने तोंड पाहिलं नव्हतं. तीस वर्षं ज्या नियमावर त्याने हाडं झिजवली, तो नियम एवढाच होता, की स्वतः पाहिल्याशिवाय, नाहीतर पक्कं कळल्याशिवाय बोलायचं नाही. आणखी दहा सेकंद तो थांबला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण छातीत असं काही उसळलं की बोट आपोआप बटणावर गेलं.

"बिर मरवान एक, पाहुणे एक!"

गॅलरी फुटली. म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. हमादीने तारा खिळ्याला अडकवल्या, लजहरच्या कपाळाचा मुका घेतला आणि जावयाला शोधायला पायऱ्या उतरून धावला. खाली बाकड्यावरून प्रशिक्षक हात हलवत उठला. त्याने एक आघाडीचा खेळाडू बाहेर काढला आणि त्याच्या जागी बचावाला माणूस आत घातला. आता बरोबरी पुरे होती. मुंदिरने दोन्ही तळवे खाली दाबून सगळ्यांना सांगितलं, सावकाश. ते चेंडू आपसात फिरवायला लागले, बाहेर मारायला लागले, बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसायला लागले.

त्या गदारोळात रेडिओ ऐकू येईना. लजहरने तो गालाशी दाबून धरला, दुसरा कान बोटाने बंद केला.

"...पुन्हा सांगतो, झेंडा वर होता. ऑफसाइड. रेफरीने गोल नाकारला आहे. बिर मरवान अजूनही एका गोलने पुढे..."

घड्याळात चौऱ्याऐंशीवं मिनिट होतं.

खोलीत तो एकटा होता. बटण समोर होतं. खाली त्याचा शेजारी, सहा महिन्यांपासून बिनकामाचा, मुलीला खांद्यावर घेऊन रडत-हसत नाचत होता. संपूर्ण वर्षात एवढा आनंद या माणसांनी पाहिलेला नव्हता, आणि तो लजहरने दिला होता. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. तिकडे पुन्हा गोल होईल, त्याने स्वतःला सांगितलं. अजून वेळ आहे, त्यांनी एकदा जाळीत मारलाय, पुन्हा मारतील. मग ही चूक कुणाला कळणारही नाही. पंच्याऐंशी. शहाऐंशी. या अल्लाह, एक गोल, बिर मरवानच्या जाळीत फक्त एक गोल. खाली मुंदिरने चेंडू मुद्दाम गॅलरीत उडवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्त्याऐंशी. रेडिओ म्हणाला, बिर मरवान अजून पुढे.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्याने बटण दाबलं. "चूक झाली. तो गोल नाकारलाय. बिर मरवान जिंकतंय. गोल हवा, पोरांनो, गोल हवा!"

सगळ्या गॅलरीचं तोंडचं पाणी पळालं. मैदानावर मुंदिर क्षणभर भोंग्याकडे बघत उभा राहिला, मग ओरडत पुढे धावला. पण आघाडीचा माणूस बाहेर बसला होता आणि थंडावलेले पाय दोन मिनिटांत तापत नाहीत. शेवटच्या क्षणी चेंडू मुंदिरच्याच पायाशी आला. त्याने तो जीव खाऊन मारला आणि तो दांडीवरून पलीकडे, खाणीच्या भिंतीवर जाऊन आपटला. शिट्टी झाली.

एकोणतीस वर्षांनी शबाब पहिल्या श्रेणीतून खाली गेलं.

हमादी वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने खुर्चीला लाथ घातली. "त्या रेडिओवाल्याच्या नरड्यात मीठ पडो! झेंडा दिसत नाही मेल्याला?" मग मित्राचा चेहरा पाहून तो शेजारी बसला. "तुझी काय चूक रे त्यात? तू ऐकलंस ते सांगितलंस. कळल्या कळल्या दुरुस्तही केलंस. सगळे तेच म्हणतायत खाली."

"काय म्हणतायत?"

"हेच की अम्म लजहर बिचारा काय करणार. चल, हजेरी घे. लोक थांबलेत."

खरंच थांबले होते. कुणी डोक्याला हात लावून, कुणी पाठ फिरवून, पण एकही माणूस उठला नव्हता. मैदानात अकराजण मधल्या वर्तुळात मातीवर बसले होते. लजहरच्या मनात आलं, हेच बरं आहे. रेडिओवाला दूर आहे, त्याला काही लागत नाही. आपण नावं घ्यावीत आणि मब्रूकाकडे जाऊन पडून राहावं. ती चार मिनिटं कुणी पाहिलेली नाहीत.

त्याने माइक जवळ ओढला. "बूबकर बिन सादोक."

"हाजिर," गॅलरी म्हणाली. ओरडली नाही, नुसती म्हणाली.

एकेक नाव तो घेत गेला. आवाज कुठे पोचत होता, कुठे विरत होता. दहा नावं झाली. शेवटी कप्तान.

"मुंदिर बिन युसुफ."

"हाजिर."

लोक उठायला लागले. लजहर मात्र त्या युसुफच्या नावापाशीच थांबला होता. तिसऱ्या भुयाराबाहेरची जीना त्याला दिसली, अनवाणी, ओल्या केसांची. त्याने माइक सोडला नाही.

"थांबा," तो म्हणाला. "मला चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला कळलं होतं."

उठलेली माणसं तशीच उभी राहिली.

"गोल नाकारलाय हे मला चौऱ्याऐंशीलाच कळलं. मी सांगितलं नाही. चार मिनिटं सांगितलं नाही. तुम्ही नाचत होता आणि माझ्याच्यानं सांगवलं नाही. रेडिओवाल्याला शिव्या घालू नका."

मग एक चप्पल आली आणि पत्र्यावर आदळली. दुसरी आली ती खिडकीची काच घेऊन आत पडली. हमादी उठून दारात उभा राहिला, पण त्याने वळून मित्राकडे पाहिलं तेव्हा त्याच्याही चेहऱ्यावर आधीचं काही उरलं नव्हतं. "मला तरी हाक मारायचीस रे," तो हळूच म्हणाला. "मी खालीच होतो."

मैदानातून मुंदिर उठला. गॅलरीने त्याला वाट दिली. बुटांच्या खिळ्यांचा आवाज करत तो पायऱ्या चढून वर आला, हमादीला बाजूला सारून आत शिरला. अंगाला मातीचा आणि घामाचा वास येत होता. गुडघ्यातून रक्त वाहत होतं.

"चार मिनिटं?" त्याने विचारलं.

"चार."

"मी तेव्हा चेंडू गॅलरीत मारत होतो, अम्म. टाळ्या घेत होतो."

"पाहिलं मी."

"माझ्या आईला सांगायला किती वेळ लावला होतात?"

लजहरने खाली पाहिलं. "लगेच सांगितलं होतं."

"आई अजून सांगते. म्हणते, त्या दिवशी सगळ्या गावात एकच माणूस माझ्याशी खरं बोलला. त्या जोरावर मी उभी राहिले म्हणते." मुंदिरने गुडघ्यावरचं रक्त तळव्याने पुसलं. "आता मी घरी जाऊन तिला काय सांगू?"

लजहरला रडूही येईना. आपण या पोराचा गोल खाल्ला, क्लब खाल्ला आणि त्याच्या आईचाही एक आधार खाल्ला, एवढंच त्याला कळत होतं.

मुंदिरने माइक हातात घेतला. खाली हजारो माणसं तोंडं वर करून उभी होती.

"लजहर बिन युनुस," तो म्हणाला.

भोंग्यांनी नाव खाणीच्या भिंतीपर्यंत नेलं. सव्वीस वर्षांत हे नाव कधी घेतलं गेलं नव्हतं. हजेरी घेणारा खाली जात नाही, त्याचं नाव कोण घेणार? गॅलरीतून आवाज आला नाही.

"लजहर बिन युनुस," मुंदिर दुसऱ्यांदा म्हणाला.

कुणी खाकरलं. कुणाचं तरी मूल रडलं, त्याला आईने छातीशी धरलं. लजहरचा शेजारी, मघाशी नाचणारा, पायांकडे बघत होता. हमादी फुटलेल्या काचेचे तुकडे पायाने कोपऱ्यात सारत होता. दोन हाका झाल्या होत्या. तिसरी झाली की खुंटी रिकामी, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि लजहरइतकं कुणालाच नाही.

"लजहर बिन युनुस."

गॅलरी गप्पच राहिली. मुंदिरने माइक म्हाताऱ्यासमोर धरला. "इथे लोक बोलतात, कारण मैदानातल्यांचा आवाज पोचत नाही," तो म्हणाला. "खाणीवर ज्याचं तोच बोलायचा ना, अम्म? मग बोला."

लजहरने शेशिया डोक्यावरून काढली. आपलं स्वतःचं नाव ऐकून काय होतं, हे त्याला सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं. दिव्याच्या उजेडात धुळीने माखलेली तोंडं घेऊन समोर उभी राहिलेली ती सगळी माणसं तो एक शब्द कशी म्हणत असतील, हे त्याने कधी मनात आणलं नव्हतं. जड होता तो शब्द.

"हाजिर," तो म्हणाला.

मुंदिरने बटण बंद केलं. खाली लोक उठले, कपडे झटकले आणि फाटकाकडे जायला लागले. कुणी वर पाहिलं नाही. पण चप्पल फेकणाऱ्यांपैकी एकजण खिडकीखाली येऊन उभा राहिला आणि हमादीने त्याची चप्पल उचलून त्याच्याकडे खाली टाकली.

"सप्टेंबरात पहिली मॅच इथेच आहे," मुंदिर दारातून म्हणाला. तो लजहरकडे बघत नव्हता. "दुसऱ्या श्रेणीची. रेडिओवर येणार नाही, तेव्हा लोकांना नावं इथेच ऐकावी लागतील. नावं तुम्हीच घ्यायची. बाहेरच्या मैदानांवरची बातमी मात्र हमादी सांगेल."

तो पायऱ्या उतरून गेला. हमादीने हात पुढे केला. लजहरने रेडिओ त्याच्या हातात दिला, आणि खिशातून मब्रूकाने दिलेल्या नव्या बॅटऱ्याही काढून दिल्या.